लाकूड तडतडते का?

चुलीत सारलेले लाकूड कधी नुसते धुमसते, कधी फुरफुरते, तर कधी तडतड वाजून ठिणग्या उडविते. चूल फुरफुरली की पाहुणा येणार, अशी समजूत अनेक घरांत आहे. पाहुणा येवो अगर न येवो, त्या आवाजाचे कारण लाकडाच्या घडणीतच असते.

लाकूड वरून भरीव दिसले, तरी ते असंख्य सूक्ष्म पेशी व नलिका यांचे बनलेले असते. झाडाच्या मुळांनी शोषलेले पाणी या नलिकांतूनच वर चढते आणि झाड तोडल्यावरही ते आत राहते. ताज्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाण्याचा असू शकतो. चांगल्या वाळलेल्या लाकडातही शेकडा 15 ते 20 भाग पाणी उरतेच.

लाकूड तापले की या पाण्याची वाफ होते. तिला मूळ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते. त्यातच तापलेल्या लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायूही निर्माण होतात. कापलेल्या टोकाशी वाट मोकळी असली, तर वाफ फेसासह बाहेर पडते, हीच फुरफुर. वाट बंद असली, तर दाब वाढत जाऊन पेशींच्या भिंती फुटतात, हाच तडतडाट. त्या धक्क्याने निखाऱ्याचे कण उडतात, त्या ठिणग्या. चिडाच्या लाकडातील राळही तापून असेच स्फोट घडविते. बांबूच्या पेरांत तर हवाच कोंडलेली असते. चीनमध्ये दारूचे फटाके निघण्यापूर्वी लोक बांबू जाळून बार काढीत. फटाक्याला तेथे आजही 'फुटणारा बांबू' अशा अर्थाचा शब्द आहे.

तडतड नेहमीच ओलाव्याची असते असे नाही; पण फुरफुर व फेस ही ओलाव्याची खूणच होय. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणजे ओले लाकूड आधी स्वतःतील पाणी आटविते, मग भांड्यातील तापविते. आच मंदावल्याने वायू पुरते जळत नाहीत. त्यांचा धूर होऊन चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांत व फुफ्फुसांत जातो.

म्हणूनच कोकण-गोव्यात पावसाळ्यापूर्वी लाकडे फोडून, उन्हात वाळवून, आडोशाला रचून ठेवण्याची रीत पडली. फोडल्याने ओलाव्याला बाहेर पडण्याची वाट जवळची होते. त्या बेगमीत सरपणाची बचत आहे आणि चुलीपुढच्या माणसाच्या प्रकृतीची काळजीही आहे.