पाळीचं दुखणं आणि तांबीवरचं खापर

शेतकरी बंधूंनो, बायकांचा विषय म्हणून पान उलटू नका. ऐन खुरपणीत घरची बाई दर महिन्याला तीन-तीन दिवस ओटीपोट धरून पडते, तेव्हा खाडा कुणाच्या शेतात पडतो?

पाळीत थोडं दुखतंच. पण दरवेळी उठवत नाही, शौचाला बसताना किंवा संबंधाच्या वेळी कळ येते, लग्नाला वर्षं लोटली तरी दिवस राहत नाहीत, असं असेल तर तो ‘एंडोमेट्रिओसिस’ असू शकतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर किंवा गर्भाशयामागे वाढतो. पाळीत तोही सुजतो, त्यातून रक्त येतं आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या दहांतल्या एकीला हा आजार असतो.

गावात मात्र खापर फुटतं तांबीवर. तांबीनं हा आजार होतो असा खात्रीचा पुरावा नाही. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, दुखतंही, हे खरं. म्हणून ज्या बाईची पाळी आधीपासूनच फार दुखरी, तिनं ते नर्सबाईंना अगोदर सांगावं.

गोळ्यांचं उलट आहे. माला-एनसारख्या संप्रेरकाच्या गोळ्या चालू असताना हे दुखणं बऱ्याच जणींना कमी होतं. डॉक्टर त्या उपचार म्हणूनही देतात. बंद केल्या की दुखणं परतू शकतं. मग ‘गोळ्यांनीच बिघडलं’ अशी बोलवा उठते. खरं तर आजार आधीचाच, गोळ्यांनी दबलेला. रक्तदाब असलेल्या बाईनं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शन २०१७ पासून सरकारी आरोग्य सेवेत आलं. त्यानंही दुखणं कमी होऊ शकतं, पण बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर लागतो. लवकर मूल हवं असेल तर ते नको. स्त्रीची नसबंदी या आजारावरचा इलाज नव्हे. आणि कुटुंब पुरं झालं असेल तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया आहेच की. तिचं नाव काढलं की मंडळी पारावरून उठून का जातात, कोण जाणे!

सर्वांत महाग पडतो तो ‘पिशवी काढा’ हा सल्ला. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांची कारणं निरनिराळी होती. पण या आजारात थर पिशवीच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढून दुखणं जाईलच असं नाही.

सरपंच, ग्रामसेवकांनी गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत आशाताईंना हे बोलायला लावावं. दुखणाऱ्या बाईनं दोन-तीन महिने पाळीच्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून आजार नाहीच, असं ठरत नाही. दुखणं थांबलं नसेल तर पुन्हा जावं.