अतिलघुकथा आणि ऐकणारा समाज

अतिलघुकथा थोड्या ओळींत संपते, म्हणून ती सोपी, असा समज आहे. मंटोने १९४८ च्या ‘सियाह हाशिये’त फाळणीची कत्तल काही ओळींच्या कथांतून मांडली, तिथे भाष्याला जागाच ठेवली नाही.

आपल्या जगण्यातही अशी सामग्री आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ नको म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. एवढ्यातच कथा उभी आहे. पुढे समजावत बसलो की तिचे भाषण होते.

हा फरक लेखकाला श्रोत्यांसमोर कळतो. नागपूरला तर ऐकण्याची परंपरा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. लाखोंनी त्या ऐकून उच्चारल्या. वाक्ये छोटी होती, पण त्यांनी आयुष्ये बदलली.

अक्षर न शिकलेली आईही ऐकलेली छोटी कथा पाठ करून घरी नेते. म्हणून वस्त्यांत, वसतिगृहांत कथावाचन व्हावे आणि वाचून झाल्यावर श्रोत्यांनी बोलावे. नुसत्या टाळ्यांवर लेखकाने समाधान मानू नये. कुणी उठून प्रश्न विचारला, तर कथा पोहोचली असे समजावे.