संगणकावरून मोबाईलचा स्क्रीनशॉट: एडीबीची पद्धत

एडीबी, म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज, हे गुगलचे मोफत साधन. यूएसबी केबलने जोडलेल्या फोनला ते संगणकावरून आज्ञा देते. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात त्याचा उपयोग चटकन पटतो. २०२१ पासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकरी ई-पीक पाहणी ॲपमधून करतात. ते ॲप शिकवणारी पुस्तिका तयार करायची, तर पडद्यापडद्याचे चित्र हवे. फोनवर काढून एकेक पाठवत बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सरस.

सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात; तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करावे. केबल जोडल्यावर फोन परवानगी विचारतो. मग कमांड प्रॉम्प्टवर, अर्थात रोमन लिपीत, ‘एडीबी एक्झेक-आउट स्क्रीनकॅप -पी > धान.पीएनजी’ असे टाइप करताच चित्र थेट संगणकात उतरते. यातले ‘एक्झेक-आउट’ महत्त्वाचे. जुन्या फोनवर त्याऐवजी ‘शेल’ वापरल्यास ओळींच्या शेवटची चिन्हे बदलतात आणि फाइल उघडतच नाही. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘>’ चिन्हानेही फाइल बिघडते, म्हणून साधा कमांड प्रॉम्प्टच बरा.

बँकांच्या ॲपचे पडदे बहुधा काळे येतात. ती ॲपनेच घातलेली बंदी असते. काम झाले की डीबगिंग न विसरता बंद करावे.