जुनी बेस आणि नागपूरचा कुलर

नागपुरात ‘बेस’ म्हटलं की लोक आधी खिडक्यांकडे बघतात. गणपतीत किंवा संदलमध्ये धुमालची गाडी गल्लीत शिरली की तावदानं थरथरतात, तो बेस आपल्या चांगलाच ओळखीचा. त्या मानाने चार तारांची बेस गिटार बिचारी सोशिक. ऑर्केस्ट्रात ती ड्रमरच्या शेजारी उभी असते, तिच्यासाठी कुणी टाळी वाजवत नाही, आणि ती थांबली की मात्र गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. हिचे साठ-सत्तरच्या दशकांतले नग हुडकत फिरणारे शौकीन आपल्याकडेही आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याकडे बघून कपाळावर हात मारून घेणाऱ्या घरच्यांसाठी, हा थोडा मसाला.

गिटार न येणाऱ्याची करामत

1951 साली लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. गडी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याच्या आधी, 1930 च्या दशकात, सिएटलच्या पॉल टटमार्कने विजेवर चालणारी, पडदे असलेली बेस बनवली होती. पण काळाच्या पुढे धावणाऱ्याचं जे होतं तेच त्याचं झालं, गिऱ्हाईकच मिळालं नाही. फेंडरने तारेची लांबी 34 इंच धरली. आजही बहुतेक बेस त्याच मापाच्या निघतात. सत्तर वर्षं उलटून गेली तरी ज्याचं माप बदलावंसं वाटलं नाही, अशा वस्तू फार नसतात.

आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओंत आधी माणसाहून उंच डबल बास होता, मग ही आली. पंचम म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या बऱ्याच गाण्यांतली बेस टोनी वाझ यांची. 1968 च्या शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा जॅझ स्टाइल’ या तबकडीवर रईस खान यांच्या सतारीखाली जी बेस चालते, ती एडी ट्रॅव्हस यांची. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा सतार जरा बाजूला ठेवून तळाकडे कान द्या.

चोरांची आवड

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला साधारण 30 पौंडांत हॉफनर घेतली. तो डावखुरा. व्हायोलिनच्या आकाराची ही बेस दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. 1972 मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेली आणि 2024 मध्ये ती सापडल्याचं जाहीर झालं. इतकी वर्षं ती कुणाच्या तरी माळ्यावर पडून होती. अमेरिकी बेसवादक जाको पास्टोरियसने आपल्या 1962 च्या फेंडर ‘जॅझ बेस’चे पडदे उपटून काढले, खाचा बुजवल्या, वर बोटीला लावतात तसलं इपॉक्सी फासलं. ती 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या बागेतून गेली आणि वीसेक वर्षांनी त्याच शहरात उगवली. जाको तोवर हयात नव्हता. दुसरा अमेरिकी बेसवादक जेम्स जेमरसन, त्याची 1962 ची प्रिसिजन 1983 मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी गेली आणि त्याला परत मिळालीच नाही. तारांवरच्या मळातच मजा आहे, अशी जेमरसनची ठाम समजूत होती. तुटल्याशिवाय तो तार बदलत नसे. आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतल्या त्या अफाट चाली तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा.

तेव्हा घेतल्या दिवशीच बेसच्या क्रमांकाचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. माळ्यावर ठेवणार असाल तर घरच्यांना सांगून ठेवा.

वय लपवता येत नाही

विकणारा सांगतो, ‘भाऊ, ओरिजनल त्रेसष्टची हाय.’ मान डोलवा आणि स्क्रू-ड्रायव्हर मागा. आवाजाच्या बटणाखाली जो पॉट असतो, त्याच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे: 137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल. पुढचे साल आणि आठवडा. 1377332 असेल तर हा पॉट 1973 च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. आता 1973 चा पॉट पोटात असलेली बेस 1963 ची कशी? एक तर पॉट बदललाय, नाही तर गोष्ट बदललीय. अमेरिकी फेंडरच्या बाबतीत तर साल म्हणजेच पैसा: जानेवारी 1965 मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली, आणि त्याआधीच्या नगांना आज लाखांत भाव आहे. माझं मत विचाराल तर वाजवणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. तो शेअर बाजार आहे.

आपल्याकडे 1991 च्या आधी परदेशी वाद्य येणंच कठीण. त्यामुळे जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी बेस निघाली तर बहुधा देशी निघते. कलकत्त्याच्या गिवसन आणि हॉबनर ही त्यातली नावं. ती कुणाच्या नावांवरून सुचली असतील हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. नागपूर तर मुंबई-हावडा लाइनवरच बसलेलं: इकडे 837 किलोमीटरवर मुंबई, तिथे धोबी तलावला 1865 पासूनचं फुर्टाडोज, तिकडे 1131 किलोमीटरवर हावडा. वाद्यांच्या दोन बाजारांच्या मध्ये बसूनही आपल्या वाट्याला जास्त करून संत्र्यांच्याच पेट्या आल्या, त्याला कोण काय करणार!

एक मात्र गंमत. साठचं दशक संपता संपता ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं, तेव्हा अमेरिकी कारखाने भारतीय शिसवाकडे वळले. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकी बेसच्या मानेवरची काळपट पट्टी आपल्याच झाडाची आहे. हे झाड आपल्या मेळघाटातही उगवतं.

खरा परीक्षक: मे महिना

नागपूरने 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिले. मे 2024 मध्ये एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले. यंत्र बिघडलं होतं, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आमच्यापैकी अनेकांना ते 56 च खरे वाटले होते, ते सोडा. बेसच्या दृष्टीने उन्हाहून घातक आहे तो कुलर. बाहेर हवा पापडासारखी कोरडी, आणि खोलीत ओल्या ताट्यांतून येणारा दमट झोत. लाकूड दिवसभर कोरडं पडतं, रात्री पाणी पितं. कोरडं पडलं की मान आकसते, पण धातूचे पडदे आकसत नाहीत. मग त्यांची टोकं बाहेर येतात. मानेच्या कडेवरून हळूच बोट फिरवा, टोचलं तर समजा. दमट झालं की मान पुढे वाकते, तारा उंच होतात आणि डाव्या हाताची बोटं बोंबलतात.

चार तारा मिळून मानेला 70-80 किलोंनी ओढत असतात. ती तग धरते आतल्या पोलादी सळईमुळे. गिबसन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1923 मध्ये या सळईचं पेटंट घेतलं. घेण्याआधी तपासायचं ते हेच. एका हाताने सगळ्यात जाड तार पहिल्या पडद्यावर दाबा, दुसऱ्या हाताने शेवटच्या पडद्यावर. आता सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर सळई कसावी लागते, तीही एका वेळी पाव वळसाच. जुन्या फेंडरच्या सळईचं टोक मानेच्या बुडाशी, अंगाच्या आत दडलेलं असतं. ते फिरवायला चार स्क्रू काढून अख्खी मान सुटी करावी लागते. विकणारा म्हणाला ‘सळई फिरत नाही, पण तशी काही गरज पडत नाही’, तर नमस्कार करून निघा.

बेस कुलरच्या झोतात ठेवू नका आणि मेच्या दुपारी गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. उन्हातून एसी हॉलमध्ये नेली तर पेटी थोडा वेळ बंदच राहू द्या. साठच्या दशकातल्या अनेक बेसवर नायट्रोसेल्युलोजचा लेप असतो. त्याला तापमानाचा अचानक बदल सोसत नाही, तडे जातात, आणि स्टँडचं रबर लागलं तर तो वितळून चिकटतो. 1995 पासून फेंडर कंपनी नव्या वाद्यांवर असले ओरखडे आणि झीज मुद्दाम करून महाग विकते. नागपूरचा उन्हाळा हे काम फुकटात करतो.

घूंऽऽ कुठल्या स्वरात?

आपली वीज 50 हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर ‘जी’ हा स्वर मिळतो 49 हर्ट्झला, चौथ्यावर जी शार्प साधारण 52 ला. म्हणजे मांडवातल्या ढिल्या अर्थिंगची घूंऽऽ नेमकी या दोघांच्या मध्ये, जन्मभर बेसूर. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यांची घूंऽऽ ए शार्प आणि बी यांच्या मध्ये.

मोकळी जाड तार वाजते 41 हर्ट्झला. एवढा खालचा स्वर खिशातल्या ट्रान्झिस्टरला काढताच येत नाही, तरी आपल्याला बेस ऐकू येते. वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून घेतो.

आणि अ‍ॅम्प?

1969 मध्ये अँपेग कंपनीने एसव्हीटी हा अ‍ॅम्प काढला: 300 वॉट, 14 व्हॉल्व्ह, खाली दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात तो गाजला. डोकं आणि पेटी मिळून वजन क्विंटलभर. दिसायला देखणा, आवाज तर विचारूच नका, पण दुसऱ्या मजल्यावर चढवणार कोण?

जुने अमेरिकी अ‍ॅम्प 120 व्होल्टचे, आपल्या 230 वर थेट लावले की जळालेच. कित्येकांना दोनच पिनांची वायर, म्हणजे अर्थिंग नाही. स्ट्रिंगला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या संगीताच्या नव्हेत. आतले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. अंदाजे दर दहा अंशांना आयुष्य निम्मं, असा तंत्रज्ञांचा हिशेब आहे, आणि आपल्याकडे अंशांची कमी नाही.

तेव्हा आमचा सल्ला साधा: जुनी बेस जरूर घ्या, सपाट वेढ्यांच्या तारा चढवा, जुन्या हिंदी गाण्यांना त्याच शोभतात. अ‍ॅम्प मात्र नवा, हलका, तीन पिनांचा घ्या. आणि बेस बघायला मे महिन्यातच जा. मान सरळ असेल तर ती बाकीच्या अकरा महिन्यांतही सहसा दगा देत नाही.