रुंद टायर आणि ओला रस्ता



बेळगावच्या लष्करी छावणीला आम्ही येथील लोक नुसते ‘कॅम्प’ म्हणतो. जुन्या झाडांच्या सावलीतील येथले रस्ते पाहून गाडी जरा वेगाने हाकावी असा मोह शहाण्यासुरत्या मनुष्यासही होतो. मग विशीतल्या तरुणास तो झाल्यास नवल ते काय! माझा भाचा अशांपैकीच एक. दोन वर्षांपूर्वी त्याने वापरलेली फोक्सवॅगन पोलो विकत घेतली. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी २०२२ साली बंद झाली, तरी हौशी मंडळींत तिचा मान अद्याप कमी झालेला नाही. अवघ्या एक लिटरचे इंजिन, पण टर्बोच्या साहाय्याने ११० अश्वशक्ती देणारे. लहान अंगाची आणि चपळ पायाची ही गाडी.

गाडी घेऊन महिना होतो न होतो तोच भाचा मजकडे आला आणि म्हणाला, “मामा, गाडी झकास आहे, पण टायर अगदी बारीक आहेत. रुंद टायर घातले की गाडी रस्त्याला चिकटून चालेल.” मी म्हटले, “चिकटून म्हणजे काय, ते आधी सांग पाहू.” त्यावर तो हसला. “असू दे की मामा, सगळेच घालतात,” एवढेच त्याचे उत्तर. मी त्याला विचारलेला तोच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. रुंद टायर रस्त्याला अधिक चिकटतो म्हणजे नेमके काय होते, आणि ते केव्हा होत नाही?

आमच्या निपाणी-संकेश्वर भागातील शेतकऱ्यास रुंद चाकाची महती निराळी सांगावी लागत नाही. लाकडी चाकावर लोखंडाची अरुंद धाव चढविलेली बैलगाडी पावसाळ्यात चिखलात रुतत असे. ऊस वाहणाऱ्या गाड्यांना हवा भरलेली रबरी चाके आली, तेव्हा तेच ओझे बैलांना हलके वाटू लागले. मऊ जमिनीवर भार पसरला की चाक रुतत नाही, इतका हा साधा हिशेब आहे. परंतु डांबरी रस्ता म्हणजे चिखल नव्हे. तेथे चाक रुतण्याचा प्रश्नच नसतो, आणि म्हणून बैलगाडीचा हिशेब मोटारीस जसाच्या तसा लागू पडत नाही. नेमकी याच ठिकाणी पुष्कळांची गल्लत होते.

टायरच्या अंगावर जे आकडे कोरलेले असतात तेथून आरंभ करू. भाच्याच्या गाडीच्या मूळ टायरवर ‘१९५/५५ आर १६’ असे लिहिले होते. यातील १९५ ही टायरची मिलिमीटरांतील रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची ही त्या रुंदीच्या शेकडा ५५ इतकी, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे, आणि १६ हा आतील रिमचा इंचांतील व्यास. पुढे ‘८७ एच’ असे काही असते. त्यातील ८७ या आकड्याचा अर्थ असा की एक टायर ५४५ किलोपर्यंतचा भार पेलू शकतो, आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत तो टिकाव धरतो. बदली टायर घेताना ही शेवटची दोन चिन्हे मूळच्यापेक्षा खालची असता कामा नयेत. दुकानात याकडे कोणी पाहत नाही. सर्वांचे लक्ष असते ते पहिल्या आकड्यावर.

आता त्या चिकटण्याकडे वळू. गाडी व तीत बसलेली माणसे मिळून बाराशे किलो वजन धरले, तर एका चाकावर सरासरी तीनशे किलो येतात. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो भरतो. तीनशे किलोंना सव्वादोनाने भागा. उत्तर येते १३३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपल्या टपाल खात्याच्या पोस्टकार्डाहून किंचित मोठा तुकडा! एवढ्याशा चार तुकड्यांच्या आधारावर सबंध गाडी रस्त्यावर उभी असते, वळते आणि थांबते.

गंमत अशी की या भागाकारात टायरच्या रुंदीचा कोठे उल्लेखच नाही. टायर रुंद घातला, पण गाडीचे वजन आणि हवेचा दाब तोच राहिला, तर रस्त्यास टेकणारे क्षेत्रफळ ढोबळ मानाने तेवढेच राहते. टायरच्या भिंतीच्या ताठरपणामुळे थोडा फरक पडेल, तो सोडून देऊ. बदलतो तो त्या तुकड्याचा आकार. मूळ टायरचा ठसा सोळा सेंटिमीटर रुंद आणि आठ-सव्वाआठ सेंटिमीटर लांब असेल, तर २२५ च्या टायरचा ठसा एकोणीस सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सात सेंटिमीटर लांब होईल. पोस्टकार्ड तेच राहिले, फक्त ते अधिक पसरट झाले.

मग शर्यतीच्या गाड्या रुंद टायर का वापरतात? त्यालाही कारण आहे. टायरचा पृष्ठभाग म्हणजे रबराच्या असंख्य काड्यांची केरसुणी आहे अशी कल्पना करा. गाडी वळणावर असताना चाकाचे तोंड एकीकडे आणि गाडीची गती किंचित दुसरीकडे असते. या फरकामुळे रस्त्यास टेकलेली प्रत्येक काडी ठशाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जाताना अधिकाधिक वाकत जाते, आणि मागच्या कडेजवळ तिची ताकद संपून ती घसरू लागते. ठसा लांबट असला की मागच्या बाजूस घसरणाऱ्या काड्या अधिक. तो आखूड आणि पसरट असला की बहुतेक काड्या सारख्या ताणाने, न घसरता काम करतात. शिवाय रुंद टायरमध्ये रबर अधिक असल्यामुळे घर्षणाची उष्णता पसरते, आणि म्हणून कारखानदारास अधिक मऊ, अधिक पकड देणारे रबर वापरता येते. खरी पकड बव्हंशी या मऊ रबराची असते. रुंदी त्या रबरास जगू देते, असे म्हटले तर अधिक बरोबर होईल.

म्हणूनच फॉर्म्युला वन शर्यतींत २०१७ साली गाड्या अधिक वेगवान करावयाचे ठरले, तेव्हा पुढचे टायर २४५ मिलिमीटरांवरून ३०५ आणि मागचे ३२५ वरून ४०५ इतके रुंद केले गेले. २०२६ च्या नियमांत गाड्या हलक्या करण्याच्या हेतूने तेच पुन्हा २८० आणि ३७५ वर आणले आहेत. पण त्याहून बोधप्रद उदाहरण आहे रॅलीचे. डांबरी रस्त्यांच्या रॅलीत रुंद टायर लावणारी तीच गाडी स्वीडनच्या बर्फात उतरते तेव्हा तिला मुद्दाम अरुंद, खिळे बसविलेले टायर घालतात, कारण तेथे चाकाने वरचा सैल थर कापून खालच्या घट्ट बर्फास भिडावयाचे असते. रुंदी हा सर्वत्र उपयोगी पडणारा गुण नाही, हे या खेळातील माणसांस पुरते ठाऊक आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे, आणि तो कसा आहे हे बेळगावकरास सांगावयास नको. येथून आंबोली काही फार दूर नाही, आणि तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. चोर्ल्याच्या घाटातही जुलैत रस्ता कोठे आणि ओढा कोठे असा संभ्रम पडावा अशी स्थिती असते.

ओल्या रस्त्यावर टायरला आधी पाणी बाजूस सारावे लागते, मगच त्याचे रबर रस्त्याला भिडते. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साठले आहे आणि गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर चालली आहे असे समजा. सोळा सेंटिमीटर रुंदीच्या ठशाला सेकंदास १२ लिटर पाणी हटवावे लागते. एकोणीस सेंटिमीटरच्या ठशाला ते सव्वाचौदा लिटर होते. आणि हे वाढलेले काम करावयास वेळ किती? ठसा आखूड झाल्यामुळे तोही कमी. कामही वाढले आणि मुदतही घटली. पाणी वेळेत हटले नाही, की ते चाकाखाली पाचरीसारखे शिरते आणि टायरला उचलून धरते. मग गाडी रस्त्यावर चालत नसून पाण्यावर तरंगत असते.

अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी विमानांच्या टायरांसंबंधी संशोधन करून यासाठी एक सोपे सूत्र दिले. टायरमधील हवेच्या पौंडांचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १०.३५ ने गुणावे. ताशी तितक्या मैलांना चाक तरंगू लागते. ३२ पौंडांना हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो आणि २६ पौंडांना ८५. मोटारीच्या टायरला खाचा असतात, त्यांतून पाणी निसटते, म्हणून नव्या टायरची मर्यादा याहून वर असू शकते. परंतु खाचा झिजल्या की ती खाली येते. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर असावी लागते. पावसाळ्यापुरते विचाराल तर मी तीन मिलिमीटरांखालचा टायर वापरणार नाही.

भाच्याने अर्थातच माझे ऐकले नाही. एका दुकानातून त्याने वापरलेले २२५/४५ आर १७ मापाचे टायर, त्यांच्या रिमसकट, स्वस्तात घेतले. टायरची भिंत आखूड झाल्यामुळे खड्ड्यांचे धक्के जाणवू लागले, तेव्हा दुकानदाराने उपाय सांगितला की हवा कमी ठेवा. बत्तिसाच्या जागी सव्वीस पौंड! कोरड्या दिवसांत सारे ठीक चालले. वळणावर गाडी खरोखरच ठाम वाटे, ते मीही कबूल करतो. स्टिअरिंग फिरविताच गाडी वळे, मधला सैलपणा जाणवत नसे.

जुलैत तो कोल्हापूरहून परतत होता. निपाणी मागे पडली, तवंदीचा घाट चढून झाला, संकेश्वरच्या पुढे पावसाने जोर धरला. काटा नव्वदीच्या जवळपास होता. रस्त्याच्या एका सखल भागात पाणी साचले होते. त्यात शिरताच, त्याच्या शब्दांत सांगावयाचे तर, “स्टिअरिंग हातात होते, पण गाडी हातात नव्हती.” इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि गाडी हलकेच दुभाजकाकडे सरकू लागली. सुदैवाने त्याने ब्रेक दाबला नाही. भीतीने पाय उचलला गेला तेवढाच. पाणी संपले, रबर पुन्हा डांबराला लागले, आणि गाडी एक हिसका देऊन सरळ झाली. मागून ट्रक येत नव्हता म्हणून ही हकिगत मला सांगता येत आहे. रुंद ठसा, झिजलेल्या खाचा आणि कमी हवा, असे तिन्ही दोष तेथे एकत्र आले होते. त्यातला एकेकटा कदाचित निभावून गेला असता.

दुसऱ्या दिवशी मी ती चाके नीट पाहिली. रिम मूळच्यापेक्षा बाहेर बसणारी होती. चार माणसे बसली की मागचे टायर मडगार्डच्या कडेला घासत असल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. चाक असे बाहेर सरकले की त्याच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि रस्त्यातील प्रत्येक खाचरीबरोबर स्टिअरिंग हाताला ओढू लागते. व्यासही वाढला होता. मूळ चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटर, नव्याचा ६३४. शेकडा दोनांची ही वाढ चालण्यासारखी आहे, कारण सामान्यतः शेकडा तीनपर्यंत फरक चालतो असे मानतात. पण काटा शंभर दाखवील तेव्हा चाक पूर्वीपेक्षा दोन किलोमीटर अधिक धावत असणार, हे ध्यानात ठेवावे लागते. जड चाके फिरविण्यात त्या लहान इंजिनाची शक्ती खर्ची पडते ती वेगळीच. वेगासाठी केलेल्या खटाटोपाने गाडी वेग घेण्यात मंद व्हावी, याला काय म्हणावे?

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत फेरफार करण्यास आडकाठी घालते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत असा निर्वाळा दिला. अपघातानंतर विम्याचा दावा करताना मडगार्डबाहेर आलेली चाके कोणाच्या बाजूने साक्ष देतील, हे सांगावयास नको.

याचा अर्थ टायर कधी बदलूच नये असा नव्हे. त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कारखान्याने जे माप दिले असेल, तेथवर जाण्यास हरकत नसते. पोलोच्या खालच्या प्रकारांना १८५/६० आर १५ असे टायर होते. त्यांच्या मालकाने १९५ पर्यंत जाणे समजण्यासारखे आहे, मात्र रिमही त्या मापाची हवी आणि आत-बाहेर मूळच्याइतकीच बसावयास हवी. ज्याचे टायर आधीच १९५ चे आहेत, त्याने रुंदीवर पैसे घालण्याऐवजी त्याच मापाचा, पण उत्तम रबराचा आणि ओल्या रस्त्यासाठी चांगल्या खाचांचा टायर घ्यावा. चारही टायर एकाच जातीचे असावेत. दोनच नवे घेणे भाग पडले तर नवे मागे लावावेत, मग गाडी पुढून ओढणारी असली तरी. पावसात मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते. हवा दर पंधरा दिवसांनी, चाके थंड असताना तपासावी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते.

भाच्याने पुढच्याच आठवड्यात जुन्या सोळा इंची रिम परत चढविल्या आणि त्यांवर १९५ चेच नवे टायर घातले. उद्यमबागेत चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, हवा बत्तीस पौंड ठेवली. रुंद चाके त्याने अजून विकलेली नाहीत. ती माझ्या ओसरीत एकावर एक रचून ठेवली आहेत, आणि मार्चनंतर, पाऊस नसताना, पुन्हा लावू का म्हणून तो अधूनमधून विचारतो. मी त्याला सांगितले आहे की आधी बाहेर न येणाऱ्या रिम शोध, नवे टायर घे, मग बोलू.