मिठातले आयोडीन, मातीतले जस्त

अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, संप्रेरके घडवण्यासाठी आयोडीन लागते आणि आयोडीनचा मोठा साठा आहे समुद्रात. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे, जाम नदीच्या खोऱ्यातले पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. इथल्या जेवणात आयोडीन भरवशाने येते ते मिठातून, आणि तेही गेल्या काही दशकांतच. लोह, जस्त आणि सेलेनियम ही या ग्रंथीला लागणारी बाकीची सूक्ष्म द्रव्ये मात्र मातीतून आणि ताटातून मिळवावी लागतात.

नोव्हेंबर 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मराठी बोलणारा हा पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. (पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला तो 2023 मध्ये.) त्याच 1956 साली, तेव्हा पंजाबात असलेल्या कांगडा खोऱ्यात, गलगंडाची, म्हणजे आयोडीन कमी पडून सुजणाऱ्या या ग्रंथीच्या आजाराची, आधारभूत पाहणी झाली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या त्या खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन मिसळलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. सहा वर्षांनी पहिल्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. तिसऱ्या भागात ते जवळजवळ जसेच्या तसे होते. मग त्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ मिळू लागले आणि तिथेही गलगंड उतरला. 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हे निष्कर्ष आले, तेव्हा लेखकांमध्ये एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही मराठी नावेही होती. भारतातल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतका स्वच्छ आणि इतका उपयोगी प्रयोग क्वचितच सापडतो.

त्यावर उभा राहिलेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, पण त्याची नजर हिमालयाच्या पायथ्यावर होती. गलगंड हा डोंगराळ उत्तरेचा आजार, अशी समजूत पक्की होती. पुढच्या पाहण्यांत मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, केरळ अशा राज्यांतही आयोडीनची कमतरता आढळली आणि ती समजूत मोडली. 1984 मध्ये खाण्याचे सगळेच मीठ आयोडीनयुक्त करण्याचे ठरले आणि 1986 पासून टप्प्याटप्प्याने काम सुरू झाले. 1992 मध्ये कार्यक्रमाच्या नावातला ‘गलगंड’ जाऊन ‘आयोडीन कमतरतेचे विकार’ हे शब्द आले. हा बदल महत्त्वाचा होता. गळ्यावरची गाठ डोळ्यांना दिसते, पण गर्भात आयोडीन कमी पडल्याने बाळाच्या मेंदूचे होणारे नुकसान दिसत नाही आणि पुढे भरूनही निघत नाही.

आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठावरची केंद्राची बंदी 2000 मध्ये उठवली गेली आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. मधली वर्षे वाया गेली असेच म्हणावे लागेल. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दर किलोला किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन हवे, हे प्रमाण ठरलेले आहे. असे 10 ग्रॅम मीठ पोटात गेले की प्रौढाची दिवसाची 150 मायक्रोग्रॅमची गरज भागते. इतके आयोडीन असलेले मीठ 2005-06 मध्ये देशातल्या निम्म्या घरांत होते, 2018-19 मध्ये सुमारे 76 टक्के घरांत. खडे मीठ वापरणारी, ते धुऊन घेणारी किंवा उघड्या बरणीत ठेवणारी घरे यात मागे राहतात.

आयोडीन पोहोचले तरी काम पुरे होत नाही, हे नंतर कळत गेले. आयोडीनला संप्रेरकात गुंफणाऱ्या थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराच्या गाभ्यात लोह असते. रक्तक्षय असलेल्या मुलांना आयोडीनचा फायदा कमी होतो आणि लोह दिल्यावर तो वाढतो, हे 2000 च्या सुमारास आयव्हरी कोस्टमधल्या अभ्यासांत दिसले. अवटू ग्रंथीतून मुख्यतः टी-4, म्हणजे थायरॉक्सिन हे संप्रेरक, बाहेर पडते. शरीरात त्याचे प्रभावी टी-3 करणाऱ्या विकरांना सेलेनियम लागते. हे 1990 च्या सुमारास सिद्ध झाले. पेशीत टी-3 ज्या ग्राहक-प्रथिनाला चिकटते, त्याची घडी जस्तावर टिकते.

जस्ताची ओळख पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बागायतदाराला करून द्यावी लागत नाही. चुनखडीयुक्त काळ्या मातीत जस्त आणि लोह असूनही झाडाला मिळत नाहीत. पाने बारीक राहतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो. मग अंबिया असो की मृग, बहार टिकवायला झिंक सल्फेटची फवारणी करावी लागते. मध्य प्रदेशातल्या मातीच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळले आहे. माणसाच्या बाबतीत अडचण आणखी एक पायरी पुढची आहे. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांत जस्त आणि लोह असतात, पण धान्या-डाळीतले फायटेट त्यांना धरून ठेवते. जेवणाबरोबरचा चहा लोहाला आणखी अडवतो. उलट संत्र्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. ज्या गावांतून गाड्या भरभरून संत्री बाहेर जातात, तिथल्या रक्तक्षय असलेल्या बायकांच्या ताटात जेवणासोबत एक संत्रे पडले, तर त्याचा उपयोग आहे.

सेलेनियमबाबत सावधपणा हवा. गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरकडे मातीतच सेलेनियम इतके आहे की गुरांना आणि पिकांना अपाय झाला आहे. दुकानातली गोळी मनाने सुरू करणे म्हणूनच धोक्याचे. आयोडीनही जास्त झाले तर काहींची ग्रंथी बिघडते.

मीठ बदलल्यानंतर आजाराचे चित्रही बदलले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांची ग्रंथी मंद आढळली आणि पाचांपैकी एकाच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे होती. ग्रंथी मंद झालेल्या अशा रुग्णांना सूक्ष्म द्रव्ये पुरत नाहीत. थायरॉक्सिनची गोळीच घ्यावी लागते. ती सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. गरोदरपणी अंगणवाडी किंवा आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी तिच्यासोबत घेतली तर लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवते, म्हणून दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवतात. कॅल्शियमच्या गोळीलाही हाच नियम लागू आहे.