मुकीं अक्षरें

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची पहिली तक्रार स्पेलिंगविषयीं असते. ‘नो’ म्हणजे जाणणें. मग त्याच्या आरंभीं ‘के’ कशाला? ‘डेट’ म्हणजे कर्ज. त्यांत ‘बी’चें काय काम? घोकणें हाच उपाय असें त्यास सांगण्यांत येतें, आणि भाषेची गोडी तेथेंच आटते. वस्तुतः या मुक्या अक्षरांच्या इतिहासासारखें मनोरंजक वाचन विरळा.

त्यांतील कांहीं अक्षरें एके काळीं बोलतीं होतीं. ‘नो’ आणि गुडघा या अर्थाचा ‘नी’, यांतील ‘के’चा उच्चार इंग्रज लोक शेंकडों वर्षें करीत असत. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, तेव्हांहि तो चालू होता. छपाईमुळें लेखनास हळूहळू स्थैर्य आलें. उच्चार मात्र बदलत राहिला. जर्मन लोक गुडघ्यास आजहि ‘क्नी’ असेंच म्हणतात.

कांहीं अक्षरें पंडितांनीं घुसडलीं. फ्रेंचांकडून आलेला ‘डेट’ पूर्वीं ‘बी’वांचूनच लिहीत. त्याचें मूळ लॅटिन ‘डेबिटुम’ आहे हें दाखविण्यासाठीं विद्वानांनीं ‘बी’ आंत बसविला. उच्चारांत तो कधींच रुळला नाहीं. कांहीं अक्षरें तर निव्वळ गैरसमजाचीं आहेत. ‘आयलंड’ हा बेटाचा अस्सल जुना इंग्रजी शब्द. लॅटिनमधून आलेल्या ‘आईल’शीं त्याचें नातें जोडलें गेलें, आणि त्यांत ‘एस’ शिरला.

मराठी वाचकास हा प्रकार अपरिचित नाहीं. जुन्या वळणाच्या लेखनांतील ‘नांव’ या शब्दावरचा मुका अनुस्वार ‘नाम’ शब्दांतील मकाराचीच खूण होय.

परंतु खरें कौतुक पुढेंच आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें असें प्रतिपादन केलें, कीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळांतून निघाल्या असाव्यात. पुढें अभ्यासकांनीं ध्वनींचे नियम शोधले, आणि इंग्रजीहि त्याच कुळांतली ठरली. ‘नी’ हा आजानुबाहु शब्दांतील ‘जानु’चा भाऊबंद, आणि ‘नो’मधला मुका ‘के’ हा ‘ज्ञा’ धातूंतील जकाराचा सगोत्र!

ज्या अक्षरासाठीं मुलानें छडी खाल्ली, तें अशा रीतीनें ‘ज्ञान’ शब्दाच्याच भावकींतलें निघतें. हें एकदां कळलें, म्हणजे स्पेलिंग घोकावें लागत नाहीं असें नव्हे. पण घोकतांना कंटाळा मात्र येत नाहीं.